पंचवीस कोटी फेऱ्यांचं लोखंड

लाख किलोमीटर चाललेली जुनी मोटारसायकल मीटरवर लाख दाखवत नाही, शून्य दाखवते. बहुतेक जुन्या मीटरना आकड्यांची पाचच घरं असतात. ९९,९९९ भरले की पाचही चकत्या एकदम सरकतात आणि गाडी बसल्या जागी कोरी होते. लोहा, कंधार, अहमदपूर, उदगीर या भागात एखाद्या वाड्याच्या ढाळजेत, कडब्याच्या पेंढ्यांआड, वीसेक वर्षं उभी असलेली बुलेट कुणी दाखवतं. मालक फडक्याने काच पुसतो आणि आत आकडा दिसतो तेवीस हजारांचा. हे तेवीस हजार, की एक लाख तेवीस हजार, की दोन लाख? त्यात मधली काही वर्षं मीटरची केबल तुटलेलीच असेल, तर त्या आकड्याला पंचांगाइतकाही आधार नाही.

नांदेड–लातूर रस्त्यावरच्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथे घोडा घेणारा माणूस मालकाने सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवत नाही. तो घोड्याचा जबडा उघडून दात पाहतो. मोटारसायकलीलाही दात असतात, ते मागच्या चेनव्हीलवर. नव्या चेनव्हीलचा दात दोन्ही बाजूंनी सारखा असतो. हजारो किलोमीटर ओढल्यावर त्याची एक बाजू झिजते आणि तो आकड्यासारखा एकीकडे कलतो. पण चेनव्हील बदलता येतं, विकणाऱ्यालाही ते कळतं. म्हणून खरी पाहणी तिथे करावी, जिथे सहसा कुणी खर्च करत नाही. ब्रेकच्या पेडलचा बूट लागणारा कोपरा. स्टँड जिथे फ्रेमला टेकतो तो कान. किकच्या शाफ्टवरच्या बारीक खाचा.

आणि हँडल. गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची, पुढचं चाक अधांतरी ठेवायचं आणि हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे हळूच न्यायचं. बरोबर मध्यावर ते किंचित अडकलं तर समजायचं की कोनसेटच्या वाट्यांमध्ये छऱ्यांनी खळगे पाडलेत. ते मध्यावरच का पडतात? कारण गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळ जात असते आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका तेच छरे त्याच जागी सोसतात. मराठवाड्याच्या रस्त्यांचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर अशा दोन-चार वाट्या पुराव्यादाखल ठेवायला हरकत नाही.

आता थोडा हिशेब, कारण या गाडीची खरी मौज तिथेच आहे. जुन्या ३५० सीसी बुलेटच्या पिस्टनची रुंदी ७० मिलिमीटर आणि त्याची एका बाजूची धाव ९० मिलिमीटर. गुणाकार केला की ३४६ घनसेंटिमीटर येतात. मागचं चाक एका फेऱ्यात सुमारे दोन मीटर पुढे जातं, म्हणजे किलोमीटरला पाचशे फेरे. वरच्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिन साधारण पाच वेळा फिरतं. म्हणजे किलोमीटरला अडीच हजार फेरे आणि लाख किलोमीटरला पंचवीस कोटी. खालच्या गिअरांतले वेगळे.

प्रत्येक फेऱ्यात पिस्टन ९ सेंटिमीटर वर जातो आणि ९ खाली येतो. पंचवीस कोटींनी गुणा. ४५,००० किलोमीटर! पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर आहे साधारण ४०,००० किलोमीटर. लोह्याचा कुणी गृहस्थ बुलेटवर शेतात आणि बाजारात जाऊन लाख किलोमीटर पुरे करतो, तेवढ्यात त्याच्या दोन गुडघ्यांमधला अॅल्युमिनियमचा गोळा वीतभर लांबीच्या नळीतून न निघता पृथ्वीप्रदक्षिणा आटोपतो आणि वर पाच हजार किलोमीटर फिरून येतो.

एवढ्या घासाघाशीत नळी किती झिजते? लाखभर किलोमीटरनंतर ती दोन दशांश मिलिमीटरने रुंद झाली असं धरू. माणसाच्या तीन केसांची जाडी एकत्र केली तर साधारण एवढीच भरते. ही झीज पंचवीस कोटी फेऱ्यांत वाटली, तर एका फेऱ्याच्या वाट्याला लोखंडाच्या एका अणूच्या रुंदीचा तीनशेवा भाग येतो. अणूचे तुकडे घासून निघत नाहीत हे खरं, तेव्हा ही नुसती सरासरी. तरी अर्थ स्पष्ट आहे. पिस्टन शेकडो वेळा वरखाली होतो तेव्हा कुठे अणूंचा एक थर जातो. वर जाळ पेटलेला असताना, दोन हजार अंशांहून गरम वायू कोंडलेला असताना हे चालतं. पिस्टन ज्या अॅल्युमिनियमचा असतो, तो धातू शुद्ध रूपात ६६० अंशांवर वितळतो.

तो वितळत नाही, कारण जाळ क्षणभराचा असतो आणि उष्णता पिस्टनमध्ये साठू न देता रिंगांतून ब्लॉककडे, ब्लॉकवरच्या पंखांतून वाऱ्याकडे सतत वाहत असते. आणि नळी फारशी झिजत नाही, कारण बहुतेक वेळ लोखंड लोखंडाला लागतच नाही. मध्ये ऑइलचा पडदा असतो, एक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात मोजावा इतका पातळ. हा पडदा पिस्टनच्या वेगानेच तरतो. म्हणून सगळ्यात जास्त झीज होते ती पिस्टन थांबतो तिथे. अगदी वरच्या टोकाला, जाळाच्या तोंडाशी, वरची रिंग क्षणभर थबकते, पडदा फाटतो आणि लोखंड उघडं पडतं. ब्लॉक उतरवून नळीत बोट फिरवलं तर वरच्या काठाखाली एक बारीक कंगोरा नखाला लागतो. त्या कंगोऱ्याच्या वर रिंग कधी पोचलीच नाही. तिथलं लोखंड बांधणीच्या दिवशी होतं तसंच आहे, आणि खाली सगळा प्रवास.

शिवाय नळी गोल राहत नाही, अंडाकृती होते. वरून दाब येतो तेव्हा कनेक्टिंग रॉड तिरपा असतो, त्यामुळे तो पिस्टनला भिंतीवर रेटतो. म्हणून पुढची-मागची बाजू जास्त झिजते, डावी-उजवी कमी. बोअरगेज आत सोडून मिस्त्री सहा ठिकाणी माप घेतो तो यासाठी. नुसतं धूर मारते म्हणून बोअर करायचा हा उद्योग मला पटत नाही. आधी माप, मग लेथ.

माझ्या दृष्टीने जुन्या इंजिनाबद्दलची सर्वांत थोर गोष्ट पुढे येते. इंजिन बनवणाऱ्याने ही झीज आधीच धरलेली होती. ब्लॉकचं लोखंड मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. नळी झिजली की ती लेथवर अर्धा मिलिमीटर मोठी करायची आणि तेवढाच मोठा पिस्टन बसवायचा. पुन्हा झिजली की एक मिलिमीटर. त्याही पुढे गेली तर नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा पहिल्या मापाला यायचं. म्हणून गाडी घेताना हेड उघडायची मुभा मिळाली, तर पिस्टनच्या माथ्यावरचा काजळीचा थर पुसून पाहावा. तिथे माप कोरलेलं असतं. एसटीडी असेल तर पहिलाच बोअर. ०.५० किंवा १.०० असेल तर इंजिनाचा पुनर्जन्म झालेला आहे आणि कितवा तेही कळतं. गंमत अशी की एक मिलिमीटर मोठा बोअर म्हणजे ३४६ ऐवजी ३५६ घनसेंटिमीटर. इंजिन म्हातारपणी दहा सीसींनी वाढतं आणि आरसी बुकात मात्र तेवढंच राहतं.

बोअर झाल्यावर नळी आरशासारखी चकचकीत हवी असं वाटतं. उलट आहे. होनिंगच्या दगडाने तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम ओढतात. त्या रेघांत ऑइल धरून राहतं. पार गुळगुळीत भिंतीवर ते टिकत नाही आणि रिंगही नीट बसत नाही. बीडाच्या लोखंडात ग्राफाइटचे पापुद्रे असतात, तेही थोडं वंगण पुरवतात. पिस्टन आणि नळी यांच्यातली फट मात्र जपून ठेवावी लागते. अॅल्युमिनियम तापल्यावर बीडाच्या दुपटीने फुगतं. मे महिन्यात नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढे असताना घट्ट बसवलेला पिस्टन भर रस्त्यात इंजिन जाम करतो.

क्रँकचं काम तर पाहण्यासारखं असतं. बुलेटची दोन जड फ्लायव्हील एका क्रँकपिनवर आवळलेली असतात आणि जुन्या इंजिनात त्या पिनवर बेअरिंगऐवजी एक तरंगता बुश असतो. तो पिनला जोडलेला नसतो, रॉडलाही नाही. दोघांमध्ये ऑइलवर स्वतःच्या मर्जीने फिरत राहतो. बुश बदलला की दोन्ही फ्लायव्हील पुन्हा एका रेषेत आणावी लागतात. लेथच्या दोन टोकांमध्ये क्रँक धरतात, डायलचा काटा लावतात, हाताने फिरवून काटा किती हलतो ते पाहतात. मग मिस्त्री क्रँकला तांब्याच्या हातोड्याने एक ठोका देतो. पुन्हा फिरवतो, पुन्हा ठोका. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची जुळणी हातोड्याने होते यावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास बसत नाही. नांदेडला असोत की लातूरला, अशा कामातली जुनी माणसं आता थोडी उरलीत. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात आणि ते योग्यच आहे.

या भागात अशी यंत्रं आली कशी, हीही एक सफर आहे. बुलेट इंग्लंडमधल्या रेडिचची. १९५५ साली मद्रास मोटर्सबरोबर एनफिल्ड इंडिया कंपनी झाली आणि मद्रासजवळच्या तिरुवोत्तियूरला ती बनू लागली. त्या वर्षी मराठवाडा अजून हैदराबाद राज्यात होता. दूधवाल्यांची लाडकी राजदूत १७५ मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ गाडीवरून एस्कॉर्ट्सने ती घेतली. जावा झेकोस्लोव्हाकियाची. १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यात ती बनली, १९७३ पासून येझदी झाली आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. म्हणजे सत्तरीच्या दशकात तालुक्याच्या गावातल्या गॅरेजात इंग्लंड, पोलंड आणि झेकोस्लोव्हाकिया एकाच चिंचेखाली उभे असायचे. येझदीचा तर किकचा दांडाच पुढे वळून गिअरचा दांडा होतो. मला वाटतं, लोखंडात केलेली इतकी हुशार काटकसर क्वचितच सापडेल. मग १९८५ मध्ये जपानी शंभर सीसीच्या गाड्या आल्या, हीरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, आणि या तिघी मागे पडू लागल्या. आज आरएक्सचं वेड तरुणांत मोठं आहे. १९९६ मध्ये बंद झालेल्या त्या गाडीचे भाव ऐकून जुने मालक कपाळाला हात लावतात.

या सगळ्यांत बुलेट पुन्हा उभी करायला सोपी, कारण तिचं बीडाचं इंजिन फारसे मोठे बदल न होता दशकानुदशकं बनत राहिलं. हैदराबादच्या बाजारातून किंवा दिल्लीच्या करोल बागेतून बरेचसे भाग आजही येतात. ते ओरिजिनल असतीलच असं नाही. किकचे दात, क्लचच्या प्लेटा, गिअर यांत हलका माल घातला तर काम दोनदा करावं लागतं.

चालू करण्याची विद्या वेगळीच. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या वर एक छोटा अँपिअर मीटर असतो. नवशिक्याला तो शोभेचा वाटतो. चावी लावायची आणि किक हाताच्या जोराएवढ्याच दाबाने हळू दाबत जायची. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून करंट वाहत असतो आणि काटा डावीकडे झुकलेला असतो. पिस्टन वर येता येता पॉइंट उघडतात, करंट तुटतो, काटा टुणकन मध्यावर येतो. म्हणजे बंद लोखंडाच्या आत, जिथे डोळा पोचत नाही, तिथे पिस्टन नेमका कुठे आहे हे काटा सांगतो. मग डीकॉम्प्रेसर ओढून किक किंचित पुढे सरकवायची, सोडून वर येऊ द्यायची आणि एकच पूर्ण किक. ताकद लागत नाही, जागा कळावी लागते. टायमिंग पुढे गेलेलं असेल तर मात्र किक उलट येते आणि नडगी चांगली आठवण ठेवते.

त्या पॉइंटची फट साधारण ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि बॅटरीच्या सहा किंवा बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. दर दुसऱ्या फेऱ्याला एक, म्हणजे लाख किलोमीटरला साडेबारा कोटी ठिणग्या. तेवढ्याच वेळा इंजिन हवा ओढतं आणि ती हवा मराठवाड्याची असते, ज्वारीच्या खळ्याची आणि कच्च्या रस्त्याची. एअर फिल्टर काढून टाकून गाडी पळवणाऱ्यांना हा आकडा सांगावा.

धुळीचा तोटा असला तरी कोरड्या हवेचा मोठा फायदा आहे. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, आणि हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर गेला की गंजाचा वेग फार वाढतो. कोकणातल्या गाडीचं मडगार्ड आतून खाल्लेलं असतं. लातूरच्या गाडीचं बहुधा शाबूत मिळतं. इथे मरतात ते रबर, सीटचा फोम आणि वायरिंग. म्हणून अशा गाडीचा मूळ रंग वाचत असेल तर वाचवावा. सगळ्याला नवं क्रोम आणि झगझगीत काळा रंग मारला की ती पंचवीस कोटी फेऱ्यांची गाडी राहत नाही, लग्नाच्या वरातीतली होते. टाकी मात्र आतून पाहावीच. अर्धी रिकामी राहिलेली टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर दव होऊन बसते आणि तिथून गंज सुरू होतो.

टाकीवरून पेट्रोलचा विषय आला. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि साखर कारखान्यांच्या मुलखात ते कुठून येतं हे सांगायला नको. कधी काळी उसाच्या बैलगाड्यांना वाट देत थांबलेली बुलेट आज त्याच पिकावर थोडीफार चालते. पण तिला ते सोसावं लागतं. इथेनॉलच्या वजनाचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग ऑक्सिजनचा असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून जाणारं मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटरचा मेन जेट एखाद-दोन नंबरने मोठा करावा लागतो. जुनं रबर इथेनॉलने फुगतं किंवा तडकतं, म्हणून पेट्रोलची नळी आणि सगळे वायसर नवे घालावेत. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, तेव्हा गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत.

कागदांचं काम सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत आधी करायचं. लातूर जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधीच्या मूळ कागदावर जिल्हा म्हणून लातूर दिसला तर पाऊल मागे घ्यावं, कारण तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. एमएच २४ म्हणजे लातूर आणि एमएच २६ म्हणजे नांदेड ही पद्धत तर त्याहूनही नंतरची. जुनं बुक आरटीओच्या संगणकावर चढलेलं नसेल तर आधी ती नोंद करून घ्यावी लागते. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करायची असते. बँकेचा बोजा उतरलेला आहे का तेही पाहायचं. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पण ती घेतली की रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढंच. रोज बाजारात न्यायची असेल तर साधी नोंदणीच बरी.

या नियमांत एक तत्त्वज्ञानाचा प्रश्न दडलाय. पिस्टन नवा, बुश नवा, तारा नव्या, सीट नवी, मग ही तीच गाडी का? ग्रीक लोक एका जहाजावरून हा वाद घालत बसले. आरटीओने तो दोन ओळींत मिटवला आहे. फ्रेमवर ठोकलेला चॅसिस नंबर आणि इंजिनावर ठोकलेला इंजिन नंबर बुकाशी जुळतात, तोवर तीच. म्हणून घेताना ते दोन्ही आकडे घासलेट लावून, मळ काढून, अक्षर अक्षर वाचावेत. पुन्हा ठोकलेल्या आकड्यांची ओळ सरळ नसते आणि आजूबाजूचा पत्रा कानशीने घासलेला दिसतो.

इंजिन भरून झालं की रनिंगचे दिवस येतात. नव्या रिंगांना होनिंगच्या रेघांवर स्वतःची जागा घासून घ्यायची असते आणि हे काम पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच होतं. त्याला नांदेड–लातूर रस्ता नामी आहे. नांदेड गोदावरीच्या काठी, लातूर बालाघाटच्या पठारावर, म्हणजे लोहा, अहमदपूर, चाकूर अशी वाट चढत-उतरत जाते. सतत एकाच वेगाने चालवायचं नाही. चाळीस-पन्नासच्या आसपास, कधी थोडा पिळ, कधी सोडून द्यायचं, चढावर वरचा गिअर धरून इंजिन दाबायचं नाही आणि लोह्याला, अहमदपूरला थांबून हाताने ब्लॉकची धग पाहायची. लातूरला पोचल्यावर घाई करायची नाही. इंजिन पूर्ण गार झालं की हेडचे नट पुन्हा कसायचे आणि टॅपेटचं झाकण उघडून पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवून पाहायचे. मोकळे फिरावेत पण वरखाली खुळखुळू नयेत, एक्झॉस्टचा किंचित सैल चालतो. मग ऑइल काढायचं. पांढऱ्या वाटीत ओतलं तर उन्हात चांदीच्या भुकटीसारखं चमकतं. ती नव्या रिंगांची झीज असते, घाबरायचं कारण नाही. हाताला कण टोचले तर मात्र चाळणी उघडायची आणि त्याशिवाय परतीला निघायचं नाही.